आधी रिंग, मग आच

जुनी, जोरकस गाडी घ्यायची आणि मग ती आपल्या मनासारखी करून घ्यायची, ही हौस आता पुण्यामुंबईपुरती राहिलेली नाही. कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगर, कुठल्याही शहरात रविवारी सकाळी घाटाच्या वाटेला लागलेली अशी गाडी दिसते. मला दिलेली मिनिटं मोजकी आहेत, तेव्हा कुठल्या रंगाची घ्यावी आणि कुणाकडून घ्यावी यात न शिरता मी सरळ रबरावर येतो. हो, रबरावरच. टायर, ब्रेकचे होज पाइप, सस्पेन्शनचे बुश, इंजिनाची माउंटिंग, टर्बोचे पाइप, काही इंजिनांत टायमिंग बेल्ट. आणि रबर नसलं तरी त्याच पंक्तीत बसणारं ब्रेक ऑइल. माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या गाडीवरचा पहिला पैसा इथे गेला पाहिजे, आणि ताकद वाढवण्याचा विचार हे सगळं उरकल्यावर. आज हे मी दोन-तीनदा सांगणार आहे. रीमॅप, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, हा शब्द कानावर पडला की पुढचं काही ऐकूच येत नाही, असा या हौसेचा स्वभाव आहे, म्हणून.

स्पोर्ट्स कार म्हटलं की दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी डोळ्यांसमोर येते. आपल्याकडच्या हौशी माणसाच्या खिशाला झेपणारी नावं वेगळी आहेत, आणि गंमत अशी की त्यातली तीन ठळक नावं महाराष्ट्रातल्याच कारखान्यांतली. चाकणची पोलो जीटी टीएसआय, २०१३ सालची, १०५ अश्वशक्तीची. रांजणगावची, फियाटची अबार्थ पुंटो, २०१५ ची, १४५ अश्वशक्तीची. आणि शेंद्र्याची ऑक्टाव्हिया, जिची आरएस आवृत्ती २०१७ मध्ये २३० अश्वशक्ती घेऊन आली. काटेकोर माणूस यांना स्पोर्ट्स कार म्हणणार नाही, न म्हणो. मुद्दा त्यांच्या वयाचा आहे. पहिल्या पोलो जीटी आता दहा वर्षांच्या पुढे गेल्या, पोलोचं उत्पादन इथे २०२२ मध्ये थांबलं, आणि फियाटनं तर आपल्याकडून गाशाच गुंडाळला. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. पंचवीस लाखांच्या आसपास विकली गेलेली ऑक्टाव्हिया आरएस तुम्ही निम्म्यात घेतलीत, तरी तिचा शॉकॲब्सॉर्बर तुम्हाला निम्म्यात कुणी देणार नाही. हिशेब इथेच चुकतो. गाडी स्वस्तात मिळाली, आता वाचलेल्या पैशांत ताकद वाढवू, असं मनात येतं. खरं तर तो पैसा वाचलेला नसतोच, आधीच्या मालकानं न केलेल्या कामांचा तो खर्च असतो.

घरातल्या प्रेशर कुकरकडे बघा. दहा वर्षं वापरलेला कुकर कुणाकडून आणलात, तर आई पहिल्यांदा काय करेल? झाकण उलटं करून रिंग बघेल. बोटानं दाबून बघेल, कडक झाली असेल तर बाजूला काढेल. मग शिट्टीचं भोक साफ आहे का, सेफ्टी व्हॉल्व्ह कधी बदललाय, हे बघेल. त्यानंतर डाळ. आच मोठी करायचा विचार तिच्या मनातही येणार नाही. आता टर्बो इंजिनाचा रीमॅप म्हणजे काय? भांडं तेच, झाकण तेच, रिंग तीच, फक्त आच मोठी. आतला दाब वाढवायचा आणि तो धरून ठेवायचं काम दहा वर्षांच्या रबरावर सोपवायचं. रिंग कडक झालेल्या कुकरला शिट्टीच होत नाही, वाफ कडेनं निघून जाते. टर्बोचा पाइप तडकलेल्या गाडीचंही तेच होतं, दाब कडेनं निसटतो आणि मालक म्हणतो, रीमॅप करूनही गाडी ओढत नाही. मग तो आणखी मोठ्या आचेसाठी पैसे मोजायला निघतो. अहो, रिंग बघा आधी.

टायर कसा बघायचा ते सांगतो, कारण नक्षी खोल दिसली की लोक समाधानी होतात. कायद्याला नक्षी १.६ मिलिमीटर पुरते, पण कमी चाललेल्या गाडीत नक्षी शाबूत राहून रबर मात्र म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१७ लिहिलं असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. ही ओळ बऱ्याचदा टायरच्या आतल्या अंगाला असते, म्हणून वाकावं लागतं, जमल्यास गाडी लिफ्टवर चढवून बघावं. चारही टायरचे आकडे वेगवेगळे आणि कंपन्याही वेगवेगळ्या असतील, तर आधीच्या मालकानं गाडी कशी सांभाळली याचं उत्तर विचारायच्या आधीच मिळालं. बॉनेट उघडलंत की टर्बोच्या पाइपवरचे क्लॅम्प बघा. कंपनीचे स्प्रिंगचे क्लॅम्प जाऊन तिथे बाजारातले स्क्रूचे आले असतील तर तो पाइप कुणीतरी काढून बसवलाय. का काढला, हे विचारा. रीमॅप गाडी विकण्यापूर्वी पुसता येतो, क्लॅम्प बदलायचं मात्र लोक विसरतात.

ब्रेक ऑइलचं तर कुणी नावच काढत नाही. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, रबरी होजमधूनसुद्धा. डॉट ४ जातीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये अशी अट आहे. पण पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. म्हणजे बाटलीवरचा आकडा आणि दोन-तीन कोकणी पावसाळे खाल्लेल्या ऑइलचा आकडा यांत पंचाहत्तर अंशांचा फरक. आंबेनळी किंवा ताम्हिणी उतरताना ब्रेक सतत दाबले जातात, ऑइल उकळलं तर नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. त्यात वेगाचं गणित वर्गाचं आहे: शंभरऐवजी एकशेवीसच्या वेगावरून थांबायचं तर ब्रेकला चव्वेचाळीस टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. ताकद वीस-तीस टक्क्यांनी वाढवणारा माणूस ब्रेकवर किती बोजा टाकतोय, याचा विचार त्यानं केलेला नसतो. आणि ब्रेक ऑइल बदलायचा खर्च? चांगल्या हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाएवढा.

आता यावर आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. ट्यूनर म्हणतात, कंपनी प्रत्येक इंजिनात राखीव ताकद ठेवते, स्टेज वन रीमॅप त्यातली थोडी मोकळी करतो, हजारो गाड्या तशा फिरतात. खरं आहे, राखीव असते. पण ती कशासाठी राखलेली असते हेही बघा: नागपूरच्या मे महिन्यासाठी, कुठल्याही पंपावरच्या पेट्रोलसाठी, सर्व्हिसिंग चुकवणाऱ्या मालकासाठी. नव्या गाडीत ती शिल्लक होती. दहा वर्षांच्या गाडीत त्यातली किती खर्ची पडली, हे लॅपटॉपवर दिसत नाही. आणि सगळीकडे राखीव नसते. फोक्सवॅगन गटाचा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे. पोलो जीटीत तो १७५ वर चालतो, तिथे जागा आहे, मान्य. पण आपल्याकडच्या १.८ लिटर ऑक्टाव्हियाला हाच गिअरबॉक्स आणि टॉर्क नेमका २५०. हेच इंजिन युरोपातल्या चारचाकी-चालनाच्या ऑक्टाव्हियात ओल्या क्लचबरोबर २८० देत होतं. म्हणजे कंपनीनं इंजिन दाबून ठेवलं ते गिअरबॉक्ससाठी. तिथे तीनशेच्या पुढचा रीमॅप घेणं म्हणजे राखीव साठ्याला हात घालणं नव्हे, तिथे साठाच नाही. ताकद वाढवूच नका असं मी म्हणत नाही. ती कुठल्या भांड्यात वाढवतोय ते बघा, आणि रिंग आधी.

रबराला आणखी एक नवं निमित्त झालंय. आपल्याच उसाचं. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि आता ते बहुतेक सगळीकडे आहे. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो, टर्बो इंजिनाला त्याचा फायदाही होऊ शकतो, तेव्हा सरसकट नाकं मुरडायचं कारण नाही. पण २०१३ किंवा २०१५ सालच्या गाडीतली इंधनाची रबरी नळी आणि सील त्या प्रमाणासाठी बनलेली नव्हती. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानंही २०२५ मध्ये म्हटलं. काम स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतं, अशी पुस्तीही जोडली. काम स्वस्त आहे, हे मलाही मान्य. करतो कोण, हा प्रश्न आहे. अबार्थच्या इंजिनाचा टायमिंग बेल्टही रबरीच, आणि तो किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षांनी थकतो. गाडी फक्त वीस हजार चाललीय म्हणून बेल्ट तसाच ठेवणारे महाभाग आहेत. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडू शकते, मग इंजिन उघडायचं बिल बघून गाडी विकायला काढावी लागते.

कायद्याचं थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं एकेका बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. फटाके फोडणारे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली घातल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. काही हौशी मंडळींना हा कायदा जाचक वाटतो, आणि चांगल्या दर्जाच्या बदलांना तपासून मान्यता देणारी सोपी व्यवस्था असायला हवी हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. त्यावर एक वेगळं भाषण होईल. आज एवढंच की कंपनीच्या मापाचे नवे टायर, नवे बुश, नवी माउंटिंग आणि ताजं ब्रेक ऑइल यांना कुठल्याही आरटीओत परवानगी मागावी लागत नाही.

मग हौस कुठे राहिली, असं तुम्ही म्हणाल. हौसेला मोल नाही, ठीक. पण हौस कशात असते? बहुतेक रस्त्यांवर तुम्ही गाडीची पूर्ण ताकद काही सेकंदच वापरता. वळणं, ब्रेक आणि स्टिअरिंग मात्र पूर्ण वेळ. गाडी रस्त्याला टेकते ती चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तळहाताएवढी. इंजिनानं केलेलं सगळं त्या चार तळहातांतून जातं. थकलेले बुश बदलले की वळणावरची गाडीची हलणारी शेपूट जागेवर येते, स्टिअरिंगमधला पोकळपणा जातो. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी कशी होती हे बहुतेक दुसऱ्या मालकांना कधी कळतच नाही, आणि ते कळण्याआधीच ते ती बदलायला घेतात. वर्षभर ती मूळ रूपात चालवा. मग ठरवा. ज्यांना खरोखर वेग हवाय त्यांनी चेन्नईचा किंवा कोइमतूरचा ट्रॅक गाठावा, तिथे पहिल्या पाच फेऱ्यांतच कळतं की आधी संपतात ते ब्रेक, ताकद...

मला आतून खूण होतेय. विम्याचं राहिलंच. एकच वाक्य: काही बदल केलाच तर विमा कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या, नाहीतर दाव्याच्या वेळी सर्व्हेअर ते शोधून काढतो. आणि गाडी बघायला जाल तेव्हा टायर चार नव्हे, पाच बघा. डिकीतली चटई उचला, स्टेपनीवरचे ते चार आकडे वाचा. ती बहुधा गाडीबरोबर आलेली असते आणि पंक्चर झालं तर घाटात अंधारात तीच लावायची असते.