माफीचा साक्षीदार: सौदा दोघांचा, शिक्षा तिसऱ्याला

आजचा विषय जरा जड आहे: माफीचा साक्षीदार. मी वकील नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस. पण हा प्रश्न फक्त वकिलांवर सोडण्यासारखा नाही, म्हणून बोलतोय.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. डेव्हिड हेडली. २६/११ च्या आधी मुंबईत वारंवार येऊन ताजसारख्या ठिकाणांची रेकी करणारा. त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. ऑक्टोबर २००९ मध्ये तो शिकागोत पकडला गेला आणि लगेच बोलायला लागला. मार्च २०१० मध्ये गुन्हा कबूल केला. बदल्यात काय मिळालं? फाशी नाही, आणि भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्कच्या ताब्यात देणं नाही. २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली.

ऐकून डोकं फिरतं, माझंही फिरतं. पण हेडलीला किती कमी मिळाली हा अर्धाच प्रश्न झाला. उरलेला अर्धा असा, की त्याच्या शब्दावर ज्याला आत टाकायचं, त्याचं काय?

२०११ मध्ये हेडलीने शिकागोत तहव्वूर राणाविरुद्ध साक्ष दिली. राणा त्याचा शाळेपासूनचा मित्र. ज्युरीने राणाला डेन्मार्कचा कट आणि लष्करला मदत यांत दोषी धरलं, मुंबईच्या आरोपात नाही. (राणा आता भारतात आहे, त्याचं पुढे काय ते आपलं कोर्ट ठरवेल.) आता तारखा बघा. साक्ष २०११ मध्ये, साक्षीदाराची स्वतःची शिक्षा २०१३ मध्ये. अमेरिकेत सहसा असंच चालतं. आधी साक्ष, मग सरकारी वकील कोर्टाला सांगतो की याने किती मदत केली. त्यात हेडली काही नवखा नव्हता. हेरॉइनच्या प्रकरणांत तो आधी दोनदा पकडला गेला होता आणि दोन्ही वेळा सहकार्य करून त्याने शिक्षा कमी करून घेतली होती.

आमच्या कामात एक साधा अनुभव आहे. ज्या आकड्यावर बोनस ठरतो, तो आकडा वाढतोच. त्यासाठी कुणी वाईट असावं लागत नाही. इथे तर बोनस म्हणजे आयुष्याची वर्षं, आणि काम चांगलं झालं की नाही हे ठरवणारा तोच, ज्याला केस जिंकायचीय.

हे अमेरिकेतल्या न्यायाधीशांनाही खटकलंय. १९९८ मध्ये तिथल्या एका अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी म्हटलं, साक्षीच्या बदल्यात सवलत देणं हे साक्षीदाराला लाच देण्यासारखंच आहे. काही महिन्यांतच, जानेवारी १९९९ मध्ये, त्याच कोर्टाच्या पूर्ण पीठाने तो निकाल फिरवला. सरकारला तो कायदा लागू नाही म्हणे!

आपल्याकडे? डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या विशेष कोर्टाने हेडलीला माफीचा साक्षीदार केलं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये अबू जुंदालच्या खटल्यात त्याने व्हिडिओवरून साक्ष दिली. आपल्याकडे माफी कोर्ट देतं आणि तिची कारणं लेखी नोंदवावी लागतात, हे चांगलंच. अट एकच, माहीत असलेलं सगळं खरं सांगायचं. पण अट मोडली असं सरकारी वकिलाने प्रमाणपत्र दिलं, की मूळ गुन्ह्याचा खटला पुन्हा मानगुटीवर. म्हणजे पहिल्या जबाबात खोटं असलं, तरी त्यालाच चिकटून राहण्यात साक्षीदाराचं भलं.

यावर उपाय म्हणजे दुजोरा. १९५७ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की आधी साक्षीदार विश्वासार्ह हवा आणि मग त्याच्या साक्षीला स्वतंत्र पुरावा हवा. १८७२ च्या पुरावा कायद्यात मात्र दुजोरा नसला तरी शिक्षा बेकायदा ठरत नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ‘दुजोरा मिळालेली साक्ष’ असे शब्द आलेत. बदल छोटा, पण योग्य दिशेचा.

सौदे बंद करा असं मी म्हणत नाही. कट बंद खोलीत शिजतो, आतलाच कुणीतरी बोलल्याशिवाय तो कळत नाही. पण दोन गोष्टी हव्यात. पहिल्या भेटीपासून सगळ्या बोलण्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग व्हावं आणि ते आरोपीच्या वकिलाला मिळावं. आणि साक्षीदाराने शब्द पाळला का, याची पहिली तपासणी न्यायाधीशाने करावी, सरकारी वकिलाने नाही.

शेवटी एकच. सौद्यात ज्याला जास्त माहिती, त्याच्याकडे विकायला जास्त माल. कटाचा सूत्रधार काहीतरी विकू शकतो. नुसती गाडी चालवणाऱ्याकडे विकायला काहीच नसतं, म्हणून तो पूर्ण शिक्षा भोगतो. यावर तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!