अमली पदार्थ बाळगल्याचा आरोप आणि वकिलाची निवड



हणजूण-कळंगुटच्या बाजूस प्रवाशांची ने-आण करणारा एखादा मोटारसायकल पायलट डोळ्यांसमोर आणावा. प्रवाशाने आपली पिशवी त्याच्या हाती दिली, नाक्यावर पोलिसांनी गाडी अडविली, प्रवासी पसार झाला आणि पिशवीतून चरस निघाला. घरी निरोप पोहोचतो तेव्हा मंडळी काय करतात? कोणी पंचाकडे धावतो, कोणी दागिना गहाण टाकण्याच्या विचारास लागतो, तर कोणी ‘साहेबांशी ओळख आहे’ असे सांगणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागतो. वकिलाची आठवण बहुधा सर्वांत शेवटी होते. वस्तुतः ती सर्वांत आधी व्हावयास हवी, आणि त्याचे कारण या विषयावरील कायद्याच्या रचनेतच आहे.

हा कायदा म्हणजे गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आला. पदार्थ आरोपीच्या ताब्यात होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी येथेही सरकार पक्षावरच आहे. परंतु ताबा एकदा सिद्ध झाला की, कलम ३५ व ५४ अन्वये न्यायालय आरोपीस त्याची जाणीव होती असे गृहीत धरते, आणि ती नव्हती हे दाखवून देण्याचे ओझे त्याच्या शिरावर येते. यास्तव ‘ताबा’ या दोन अक्षरी शब्दावर सारा खटला फिरतो. २००२ साली पंजाबातील एका खटल्यात, पोस्ताच्या बोंडांच्या भुशाच्या गोण्या असलेल्या गाडीत नुसते हजर असणे ताबा सिद्ध करण्यास पुरेसे नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना मुक्त केले. पुढच्याच वर्षी हिमाचल प्रदेशातील एका खटल्यात मात्र मोटारीत चरस सापडला तेव्हा आतील सर्वांना दोषी धरण्यात आले. कारण ती मंडळी परस्परांच्या ओळखीची होती, वाहन खाजगी होते आणि एकत्र प्रवास कसा घडला याचा खुलासा कोणी केला नव्हता. आपल्या पायलटाचे काय होईल, हे तो प्रवासी त्यास कोठे भेटला, भाडे किती ठरले, कोणी पाहिले, अशा बारीकसारीक गोष्टींवर ठरेल. त्या ताज्या असतानाच वकिलाच्या कानी पडल्या पाहिजेत.

दुसरी गोष्ट वजनाची. २००१ च्या दुरुस्तीपासून शिक्षा ही पदार्थाच्या प्रमाणावर अवलंबून ठेवण्यात आली आहे. चरसाचे १०० ग्रॅम व गांजाचे एक किलो हे अल्प प्रमाण; चरसाचा एक किलो व गांजाचे २० किलो यांहून अधिक असल्यास ते व्यापारी प्रमाण. हेरॉइनबाबत हेच आकडे अनुक्रमे ५ व २५० ग्रॅम आहेत. चरस-गांजाच्या अल्प प्रमाणास एक वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही; व्यापारी प्रमाणास किमान दहा वर्षे, कमाल वीस, आणि निदान एक लाखाचा दंड. शिवाय व्यापारी प्रमाण असल्यास कलम ३७ मुळे जामीन अत्यंत दुर्घट होतो. २०२० च्या निर्णयानुसार शुद्ध अंशाचे नव्हे, तर संपूर्ण मिश्रणाचे वजन धरले जाते, हेही अनेकांस ठाऊक नसते.

कायदा कठोर असल्यामुळेच त्याने अधिकाऱ्यांवरही बंधने घातली आहेत. अंगझडतीपूर्वी, ती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी अशी मागणी करण्याचा आपला हक्क आहे, हे संशयितास सांगावे लागते. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावयाची असते. मात्र हे कलम ५० अंगझडतीपुरतेच आहे. हातातील पिशवीस ते लागू नाही. अटक व जप्तीचा अहवाल ४८ तासांत वरिष्ठांकडे जावा लागतो, आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर प्रमाणित व्हावे लागतात. पंचनाम्यावरील वेळ, पंचांची नावे, मोहोर यांत काही विसंगती असेल, तर ती अनुभवी वकिलाच्या नजरेस येते. नातेवाईक बहुधा तो कागद मागावयासही विसरतात.

आता वकील कोठून आणावा? अटकेतील प्रत्येक व्यक्तीस, तिचे उत्पन्न काहीही असो, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ अन्वये मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे साधा अर्ज पुरे. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीही करता येतो. मोफत म्हणजे दुय्यम, हा समज सोडून द्यावा.

खाजगी वकील नेमावयाचा असेल तर दोन-तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. या अधिनियमाखालील खटले आपण शेवटपर्यंत चालविले आहेत काय? उलटतपासणी स्वतः घेणार की सहायकाकडे सोपविणार? फी किती, आणि ती कोणकोणत्या टप्प्यांवर? फीची पावती मागण्यात कमीपणा नाही. मध्यस्थ ती कधीच देत नाही, एवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो. जामिनाची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. जामीन देणे न्यायालयाच्या हाती असते. वकिलापासून मात्र काहीही लपवू नये. अशिलाने सांगितलेली गोष्ट उघड करण्यास त्यास कायद्यानेच मज्जाव आहे.

मुलगा खरोखरच व्यसनाधीन असेल, तर ते सांगण्यास घरच्यांस लाज वाटते आणि नेमकी तीच गोष्ट दडविली जाते. पदार्थ अल्प प्रमाणात असून तो स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेऊ इच्छीत असेल, तर कलम ६४-अ खाली त्यास खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. अर्थात उपचार पूर्ण करावे लागतात. ही मागणी आरंभीच करावी, असे वकिलास सुचवावे.

अटकेनंतर चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपीस दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. वकील नसल्यास त्याच क्षणी तो मागता येतो. त्या सकाळी घरचे कोणीतरी न्यायालयात हजर असावे. सोबत शिधापत्रिका, वाहनाची कागदपत्रे आणि असल्यास औषधोपचाराचे जुने कागद घ्यावेत.