येणं आणि शिकवता येणं



याच आवारात लहानाची मोठी झालेली माझी नात हल्ली कॅनडात असते. गेल्या हिवाळ्यात ती स्नोबोर्ड-प्रशिक्षकाची दुसऱ्या पातळीची परीक्षा पास झाली. दोन्ही पाय एकाच फळीला बांधायचे आणि बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं, असा तो खेळ. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या पोरीचं आम्हाला भारी कौतुक!

तिथल्या प्रशिक्षकांच्या संघटनेच्या, 'कासी'च्या, अशा 4 पातळ्या आहेत. पहिली पातळी नवशिक्यांना शिकवण्यासाठी, दुसरी थोडंफार येणाऱ्यांसाठी. परीक्षक तुमचं घसरणं बघतातच. पण समोरच्याचं नेमकं काय चुकतंय, वजन कुठल्या पायावर पडतंय, हे ओळखून सुधारता येतं का, हेही तपासतात. पहिल्या खेपेला नात तिथंच अडली. म्हणाली, "आजोबा, मला येत होतं, पण सांगता येत नव्हतं."

आपल्या सिद्धेश्वर यात्रेत तरी वेगळं काय? संक्रांतीआधी नंदीध्वज पेलण्याचा सराव होतो, जुनी मंडळी नव्यांना तोल शिकवतात. म्हणून तर मानाच्या 7 काठ्या दरवर्षी उठतात.

मंडळी, सोसायटीची रोजकीर्द, ऑडिटची उत्तरं, चार-चार दिवसांनी येणाऱ्या पाण्याचं नियोजन, हे सगळं आम्हा पाच-सहा पिकल्या पानांनाच येतं. आमची दुसरी पातळी अजून राहिलीय. तरुणांनो, दर रविवारी संध्याकाळी ऑफिसात या. वह्या उघडून बसतो.