बांध राखणारं कांदळवन

आम्ही खाडीकाठच्या बचत गटाच्या बायका. पूर्वी जळणासाठी आम्ही कांदळवन तोडायचो. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयानं तोडीला बंदी केली, तेव्हा सासूबाई चिडल्या, ‘चूल कशावर पेटवायची?’

मग एका उधाणात पलीकडचा बांध फुटला, भातशेतीत खारं पाणी शिरलं. तिथलं कांदळवन आधीच तुटलेलं. आमचा बांध टिकला. हवामान बदलानं समुद्र वर चढतोय, हे विसरू नका.

आता आम्ही त्याच खाडीत खेकडे, कालवं पाळतो. राज्याच्या २०१७ च्या कांदळवन योजनेतून गटांना अनुदान मिळतं.

खाडीत कुणी भराव टाकताना दिसलं, तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. सह्या मात्र साऱ्या गटाच्या हव्यात, म्हणजे एकटीवर दबाव येत नाही.