डोंगर वाढायचा थांबला, मग पुढे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय ऐकून काहीजणी मनात म्हणाल्या असतील, "हिला डोंगरांची कसली उठाठेव?" पण जमिनीचे दोन मोठे तुकडे एकमेकांवर रेटले की मध्ये वळ्या पडतात आणि डोंगर उभा राहतो, एवढे आपण सगळ्याच शाळेत शिकलो. पुस्तक तिथेच मिटते. तो रेटा थांबल्यावर डोंगराचे काय होते, आणि त्याच्या पायथ्याच्या मैदानाचे काय, हा प्रश्न मला सुटला नव्हता. आपला सह्याद्री लाव्हारसाच्या थरांचा, तो असा रेट्याने उभा राहिलेला नाही. म्हणून उत्तरासाठी आपल्याला जरा दूर जावे लागेल.

फ्रान्स आणि स्पेन यांच्या मध्ये पिरेनीज नावाची डोंगररांग आहे. तिचे सर्वांत उंच शिखर अनेतो, ३४०४ मीटर. स्पेनची भूमी युरोपला येऊन भिडली, आणि सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीपासून ते सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत ही रांग वर उचलली गेली. नवारीच्या बाजेवर जड माणूस बसला की शेजारची नवारही खाली जाते ना? तसेच या डोंगराच्या भाराने शेजारची जमीन दबली. दक्षिणेकडच्या त्या खोलगटात आज एब्रो नदी वाहते.

सुमारे ३ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या खोलगटाची समुद्राकडची वाट बंद झाली. आत अडकलेला समुद्र आटला आणि त्याचे मीठ तिथेच राहिले. कार्दोना या गावी मिठाचा डोंगर आजही आहे. पुढे पाऊस डोंगर झिजवीतच होता, पण गाळाला बाहेर जायला वाट नव्हती. आपली मोरी तुंबली की काय होते? पाणी साचते, गाळ बसतो आणि बघता बघता उंबऱ्याशी येतो. इथेही तेच झाले. दगडगोट्यांनी डोंगराचे पाय गाडले गेले, मधल्या तळ्यांत चिखल, चुना आणि जिप्सम साचले. पायथाच वर आल्यामुळे ओढ्यांचा उतार मोडला, आणि उतार मोडला की पाण्याची धारही बोथट होते.

मग रेटा संपल्यानंतर, सुमारे १ कोटी २० लाख ते ७५ लाख वर्षांपूर्वीच्या काळात केव्हातरी, ही मोरी मोकळी झाली. खोलगट भरत भरत काठाला आले होते, आणि पलीकडून समुद्राकडचे ओढेही मधल्या टेकड्या कोरीत होते. एब्रोला भूमध्य समुद्राची वाट मिळाली. मग तिने आपलेच अंगण खणायला घेतले. कोट्यवधी वर्षे साठवलेला गाळ समुद्राकडे निघाला, आणि पायथा खाली गेल्यामुळे डोंगरातल्या ओढ्यांनाही पुन्हा जोर आला. रिग्लोस गावाजवळ सुमारे ३०० मीटर उंचीचे तांबडे सुळके उभे आहेत. जवळ जाऊन पाहिले तर ते गोट्यांचे बनलेले. एकेकाळी डोंगरावरून घरंगळून आलेले, गाळात गाडले गेलेले गोटे आज स्वतःच कडा होऊन उभे आहेत!

आता तुम्ही विचाराल, इतकी झीज होऊनही डोंगर सपाट कसा झाला नाही? धान्याची पोती भरलेली होडी पाण्यात खोल बसते. पोती उतरवली की ती वर येते. पृथ्वीचे कवचही खालच्या जड थरावर असेच तरंगते. सरासरी १०० हात खडक झिजून गेला, तर जमीन सुमारे ८० हात वर उचलली जाते. म्हणजे उंची घटते ती अवघी २० हात. रेटा थांबला तरी डोंगराचे उठणे थांबत नाही, ते असे. गाळ निघून गेला की खोलगटाचा तळही वर येऊ लागतो.

आणि गेलेला गाळ? त्यातला काही एब्रोच्या मुखाशी साचून सुमारे ३२० चौरस किलोमीटरचा त्रिभुज प्रदेश झाला. तिथे भाताची शेती होते. पण १९६६ साली मेकिनेन्सा आणि १९६९ साली रिबारोहा ही धरणे झाली, आणि वरून येणारा गाळ जवळजवळ सगळा तिथे अडू लागला. जमीन खचते आहे, समुद्र चढतो आहे, आणि भर घालायला नवी माती येत नाही. जानेवारी २०२० च्या वादळात खारे पाणी भातखाचरांत शिरले. धरणांनी वीज दिली, पाणी दिले, हे खरेच. पण डोंगराने दिलेले मुखाशी पोहोचेनासे झाले, हेही तितकेच खरे.

भगिनींनो, डोंगर, मैदान आणि नदीचे मुख ही तीन घरे नव्हेत. एकाच घराच्या तीन खोल्या आहेत. एकीत काही हलवले की त्याचा परिणाम दुसरीत दिसतोच, कधी कोट्यवधी वर्षांनी, तर कधी एका पिढीत. यापुढे एखादी नदी पावसाळ्यात गढूळ दिसली, तर नुसते "पाणी घाण झाले" असे म्हणू नका. कुठलासा डोंगर कुठल्याशा शेताकडे निघाला आहे, एवढे मनात आणा.