माती, पाणी आणि पाकिटातली भुकटी



मृदारसायन शिकल्यापासून मी मातीच चाळत आलो. आपल्यापैकी बरेच जण आजही धान पिकवतात. त्यामुळे "पॉलिमरची भुकटी शेतात टाकावी का?" असा फोन नेहमी येतो. आज सर्वांना एकदमच सांगतो.

या भुकट्या दोन प्रकारच्या. पहिली पाण्यात विरघळणारी, पॉलिॲक्रिलामाइड. तिचे लांब धागे मातीचे कण बांधून ठेवतात, म्हणून माती वाहून जात नाही. अमेरिकेतील आयडाहोत सरीच्या पाण्यात दहा लाख भागांस 10 भाग एवढीच ती सोडतात. दुसरी पाणी शोषून फुगणारी, जेल. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे 'पुसा हायड्रोजेल' या जातीचे. हेक्टरी अडीच ते पाच किलो पुरते.

चिकणमातीच्या कणावर ऋण भार असतो आणि पहिल्या भुकटीच्या धाग्यावरही ऋणच. दोघे एकमेकांना दूर लोटतात. मध्यस्थी करतो पाण्यातला कॅल्शिअम. त्याला जणू दोन हात. एकाने कण धरतो, दुसऱ्याने धागा. सोडिअमला हात एकच, म्हणून त्याची पकड कमी. चिकणमाती जास्त तितका धागा जास्त चिकटतो. म्हणजे कन्हारात जास्त, बर्डीत कमी. सेंद्रिय पदार्थ भरपूर असले तर चिकटण्याच्या जागा आधीच व्यापलेल्या असतात.

जेलचे मात्र उलटे. तोच कॅल्शिअम त्याला आवळतो आणि ते कमी फुगते. म्हणजे बोअरचे जड पाणी एका भुकटीला तारते, दुसरीला मारते. शिवाय रोवणीच्या बांधीत पाणी उभेच असते, तिथे जेल कशाला? त्याचा उपयोग झालाच तर रब्बीच्या हरभऱ्याला.

घरी करून बघा. दोन ग्लासांत सारखीच चिकणमाती ढवळा. एकात पावसाचे पाणी, दुसऱ्यात बोअरचे जड पाणी. दुसरे बहुधा लवकर निवळेल. ही कॅल्शिअमची करामत.

कोहळी बांधवांनी बांधलेले आपले मामा तलाव गाळाने भरत आहेत. तो गाळ म्हणजे आपल्याच शेतांची माती. ती थांबवायलाच हवी; पण पाकीट फोडण्याआधी माती आणि पाणी, दोन्ही तपासून घ्या. अहवालात कॅल्शिअम, सोडिअम आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे पाहा. ते समजले नाहीत तर खुशाल फोन करा.