जुनी मोटारसायकल आणि घरचे सुटे भाग



आमच्या खामगावात चांदी घ्यायला माणसे लांबलांबून येतात. दुकानदार वजन करतो, कस सांगतो आणि गिऱ्हाईक निर्धास्त मनाने वस्तू घेऊन घरी जाते. नुसती पांढरी दिसते म्हणून चांदी कोणी घेत नाही; पांढरे तर जर्मन सिल्व्हरही दिसते. चांदी कसाला उतरते, म्हणूनच या गावाला रजतनगरी हे नाव पडले. आज मात्र मी तुमच्याशी लोखंडाविषयी बोलणार आहे. जुनी गाडी उभी करताना आपण घरी जे भाग घडवतो, त्यांचा कस कसा लावायचा, एवढाच आजचा विषय.

जुनी गाडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोणती येते? जपानात आणि अमेरिकेत लोक जुन्या जपानी शर्यती मोटारी हौसेने दुरुस्त करतात. आपल्या वऱ्हाडात त्या जागी आहे यामाहाची आर.एक्स. १००. जपानी बनावटीची ही मोटारसायकल आपल्याकडे १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. त्या वर्षी धुराचे नियम कडक झाले, आणि दोन धावांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनांचे दिवस भरत आले. गाडीचे वजन जेमतेम १०० किलोच्या आसपास, ताकद ११ अश्वशक्तीची. त्यामुळे मूठ पिळली की गाडी हरणासारखी उडी घेई. तिचा आवाज ऐकून कोण आले ते गल्लीतली पोरे न पाहता सांगत. आजही कित्येक घरांच्या पडवीत ती कापसाच्या गाठोड्यामागे धूळ खात उभी असते. आणि घरातला एखादा तरुण एके दिवशी तिच्यावरचे पोते बाजूला करतो.

आमच्याही घरात हेच झाले. थोरल्या भावाची गाडी बारा-तेरा वर्षे बंद होती. पुतण्याने ती अंगणात काढली आणि म्हणाला, ‘काका, हिला मी पुन्हा रस्त्यावर आणतो.’ मी जन्मभर शाळेत गणित शिकवलेले. मला वाटले, पोरगे काही शिकेल. शिकला तो खरा, पण त्याच्याबरोबर मीही शिकलो.

पहिली अडचण सुट्या भागांची. गाडी बंद होऊन इतकी वर्षे लोटली की अस्सल भाग मिळणे कठीण होते, आणि बाजारात मिळणारा प्रत्येक भाग अस्सलच असेल असे नाही. मोठ्या देशांतही हीच अडचण आहे, बरं का. जपानच्या माझदा कंपनीने २०१७ साली आपल्या पहिल्या पिढीच्या रोडस्टर या दोन आसनी गाडीची जुनी रूपे पुन्हा नवी करून देण्याचे काम जाहीर केले. त्यासाठी बंद झालेले भाग पुन्हा बनवले. त्या गाडीचे जुन्या घाटाचे टायरसुद्धा नव्याने तयार करवले. तिथे कारखानाच मदतीला येतो. आपल्याकडे ते ओझे गावातल्या टर्नरवर, वेल्डरवर आणि घरातल्या हौशी पोरावर येऊन पडते. जिनिंग आणि प्रेसिंगच्या कारखान्यांमुळे आमच्याकडे लेथवर हात बसलेली माणसे आहेत. प्रश्न हाताचा नाहीच. प्रश्न आहे मापाचा.

आता इंजिनाकडे पाहू. या गाडीच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, आणि पिस्टनची धावही ५० मिलिमीटर. शिक्षक बंधुभगिनींनो, हे गणित फळ्यावर मांडण्यासारखे आहे. त्रिज्या अडीच सेंटिमीटर, उंची पाच सेंटिमीटर. ३.१४ गुणिले २.५ गुणिले २.५ गुणिले ५. उत्तर येते ९८ घनसेंटिमीटरच्या थोडे वर. गाडीच्या नोंदणी पुस्तकात लिहिलेला ९८ हा आकडा तो हाच. वर्तुळचितीचे घनफळ कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्या मुलाला हे उत्तर पटते.

वापरून वापरून सिलिंडर झिजतो. मग तो आतून किंचित कोरायचा आणि त्यात थोडा मोठा पिस्टन बसवायचा, ही रीत सर्वांना ठाऊक आहे. पुतण्याने अर्ध्या मिलिमीटरने मोठा पिस्टन आणला आणि सिलिंडर कोरून घेतला. कोरणाऱ्याने माप घेतले नाही. पिस्टन घट्ट बसला म्हणजे काम चांगले, असे त्याने सांगितले, आणि आम्हीही माना डोलावल्या. गाडी सुरू झाली. सगळे घर अंगणात जमले. बैल जुंपल्यासारखी ओवाळणीसुद्धा झाली. आणि चौथ्या मैलावर पिस्टन जागच्या जागी धरला गेला. मागचे चाक घसरत गेले. पोराने क्लच दाबला म्हणून पडला नाही.

असे का झाले? पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो ज्या नळीत फिरतो ती बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. ५० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन १०० अंशांनी तापला, तर तो सुमारे एक दशांश मिलिमीटर वाढतो. बीड वाढते त्याच्या निम्मे. शिवाय पिस्टनच्या माथ्यावरच जाळ, म्हणून तो सिलिंडरपेक्षा अधिक तापतो. थंड असताना दोघांमध्ये ठरावीक फट ठेवलीच पाहिजे. ती मिलिमीटरच्या काही शतांशांची असते, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक. ती बोटाला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. ती मायक्रोमीटरलाच कळते. ‘घट्ट म्हणजे चांगले’ हा नियम खुंटीला लागू आहे, पिस्टनला नाही.

दुसऱ्यांदा सिलिंडर मापाने कोरला आणि गाडी गोड चालू लागली. आमचा जीव भांड्यात पडला. पण खरी परीक्षा पुढेच होती.

मागच्या ब्रेकचा दांडा गंजून गेला होता. पायाखालच्या पट्टीपासून चाकाच्या ड्रमपर्यंत जाणारी ती साधी लोखंडी काडी. पुतण्याने घराच्या बांधकामातून उरलेली सळई घेतली, कानशीने गुळगुळीत केली, टोकाला डायने आटे पाडले, वर रंग दिला. दांडा दिसायला मूळ दांड्याहून देखणा! मी स्वतः त्याची पाठ थोपटली. पंधरा दिवसांनी तो बुलढाण्याहून परत येत होता. बोथ्याचा घाट उतरताना एका वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि पाय तसाच खाली गेला. आटे सोलून निघाले होते. टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला फारसे आवरत नाही, हे चालवणाऱ्यांना माहीत आहे. त्याने गियर खाली टाकला, पुढचा ब्रेक हलक्या हाताने धरला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली. गुडघे फुटले, हात खरचटला. समोरून एस.टी. आली असती तर आज मी हे भाषण देत नसतो.

गाडी टेम्पोत घालून आणली. आमच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी तो दांडा हातात घेतला, आट्यांवरून नख फिरवले आणि म्हणाले, ‘गुरुजी, सळई घर बांधाले असते, ब्रेकले नाही.’ मग त्यांनी समजावून सांगितले. कारखान्यात असे आटे बहुधा दाबून उठवतात. त्यात धातू कापला जात नाही, उलट घट्ट होतो. आपण डायने कापतो तेव्हा काडी तेवढी बारीक होते, आणि आट्याच्या तळाशी जी चीर पडते तिथूनच ती तुटते. वरचा रंग हे सगळे झाकतो. मी मान खाली घातली. रंग पाहून पाठ थोपटणारा मीच होतो. चांदीच्या गावात राहून मी लोखंड कस न लावता घेतले होते.

त्या दिवसापासून आम्ही सुट्या भागांचे तीन ढीग केले. हे ढीग तुम्हीही करा, असे माझे सांगणे आहे.

पहिला ढीग, खुशाल घरी करावे अशा भागांचा. बाजूचे पत्रे, साखळीवरचे झाकण, आसनाखालची फळी, हत्यारांची पेटी, नंबरपट्टीची चौकट. यातला एखादा भाग तुटला तर फार तर खडखडाट होईल. इंजिनाच्या झाकणाचे कागदी पॅकिंगही घरी होते. तेलकागद झाकणावर धरून कडेने हातोडी हलके हलके ठोकावी, आकार आपोआप कापला जातो. कागद मात्र मूळ जाडीचाच घ्यावा.

दुसरा ढीग, मापाने आणि जाणत्या हाताने करावयाच्या भागांचा. बुश, स्पेसर, सिलिंडरचे कोरकाम. इथे लेथ हवा, मायक्रोमीटर हवा, आणि कोणता धातू वापरला ते सांगणारा टर्नर हवा. ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नये.

तिसरा ढीग, घरी कधीच करू नये अशा भागांचा. ब्रेकचा दांडा, चाकाचा आस, हँडल, पुढचा फोर्क, साखळीची कडी. हे अस्सल मिळेपर्यंत गाडी उभी राहिली तरी चालेल. आणि आणखी एक, पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग करू नका. टाकी रिकामी दिसली तरी आत पेट्रोलची वाफ असते, आणि एका ठिणगीने ती बॉम्बसारखी फुटते.

आता सजावटीबद्दल दोन शब्द. तरुणांना सायलेन्सर कापण्याची फार हौस. आवाज वाढला की ताकद वाढली, असे वाटते. पण या इंजिनात सायलेन्सर हा नुसता आवाज दाबणारा डबा नाही. धूर बाहेर पडताना दाबाची लाट उठते, ती सायलेन्सरच्या आतल्या आकारावर आपटून परत येते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. तो आकार बिघडवला की मिश्रण न जळताच बाहेर जाते. आवाज मोठा, ओढ कमी, पेट्रोल जास्त, असा हा सौदा आहे. शिवाय असे सायलेन्सर जप्त करून पोलिसांनी अनेक शहरांत त्यांच्यावर रोलर फिरवला आहे.

कायद्याचेही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीचा मेळ बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. १५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, त्या वेळी गाडी तपासली जाते. केंद्र सरकारने २०२१ साली ५० वर्षांवरील जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. त्यात गाडी मूळ रूपात असली पाहिजे, ही अट आहे. पहिल्या आर.एक्स. १०० ला ५० वर्षे होतील २०३५ साली. तेव्हा काढलेला जुना भाग भंगारात विकू नका. तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवा.

यावर कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही आमच्या हौसेवर पाणी ओतता. तसे नाही. सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी जुन्या गाड्यांचे भाग जमवून आपल्या कुटुंबासाठी छोटी चारचाकी घडवली. ती पायाने किक मारून सुरू होई. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, पण त्याचबरोबर ती नियमात बसत नसल्याने आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल, हेही स्पष्ट सांगितले. आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ती अदलाबदल झाली. कारागिराच्या बुद्धीला मान मिळाला आणि त्याच्या कुटुंबाला भरवशाची गाडी मिळाली. हौस आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदू शकतात, त्या अशा.

शिक्षकांना शेवटी एक विनंती. गावातल्या गॅरेजमधून एक टाकून दिलेला पिस्टन मागून आणा; कोणी नाही म्हणणार नाही. व्हर्निअर कॅलिपर मुलांच्या हाती द्या. पिस्टन वरच्या कडेला, खालच्या कडेला, आडवा, उभा असा मोजायला लावा. तो सगळीकडे सारखा भरत नाही, हे मुलांना स्वतः शोधू द्या. मग विचारा, असे का? माप घेण्याची सवय लागलेला मुलगा पुढे सुतार होवो, शेतकरी होवो की डॉक्टर होवो, तो अंदाजावर कोणाचा जीव टांगणार नाही.

आमची गाडी आता चालते. मागच्या ब्रेकला अस्सल दांडा आहे. तो मिळायला सात महिने लागले. सोलून निघालेला जुना दांडा मात्र आम्ही फेकला नाही. पुतण्याने तो घराच्या भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवला आहे. गाडी बाहेर काढताना त्याची नजर एकदा तिकडे जाते, आणि माझीही.